उपकारस्तुतीच्या वहीत ‘पेशंट ठीक’ लिहू नका

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही दारव्हा तालुक्यातल्या. लग्नाला नऊ वर्षं झाली, घरात नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या, पहिल्या रविवारी मंडळीत उपकारस्तुतीवर संदेश ऐकला आणि तुम्ही वही सुरू केली: रोज झोपताना पाच नावं लिहायची आणि त्या माणसांबद्दल देवाचे उपकार मानायचे. तीन आठवड्यांत त्या वहीचा, तुमच्याच शब्दांत, ‘हजेरीपट’ झाला. सासूबाईंशी बोलणं बंद आहे. भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतोय. नवरा दिवसभर वावरात, रात्री भुईमुगाच्या ओलिताला, घरात असला तरी बोलत नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘ज्यांनी मला जीव लावला त्यांच्याबद्दलसुद्धा आतून काही वाटत नाही. माझा विश्वास आटला का?’

मी पाळक नाही. २९ वर्षं एका मिशन दवाखान्यात नर्स होते. आता चांदूर रेल्वेच्या बाजूला आमच्या गावी असते आणि बुधवारी बायकांची प्रार्थनासभा घेते. पण ही वही मीही वीस-बावीस वर्षं लिहितेय आणि तिच्यात ज्या खड्ड्यात तुम्ही पडलात त्याच खड्ड्यात पडून बाहेर आलेय, म्हणून उत्तर द्यायला बसले.

विश्वास आटला असं मला वाटत नाही. आटला असता तर वही माळ्यावर गेली असती आणि तुम्ही कोणाला विचारलंही नसतं. अडचण वही लिहायच्या तऱ्हेत आहे, असं माझं मत. तुम्ही नावं लिहिता. नावाबद्दल उपकार मानता येत नाहीत, निदान रोज तरी नाही. माणसानं आज काय केलं त्याबद्दल मानता येतात.

मला हे दवाखान्यात कळलं. नवी लागले तेव्हा नाइट ड्यूटीनंतर सकाळी हँडओव्हर द्यायचा असे. बारा खाटांचा वॉर्ड. मी रजिस्टरमध्ये लिहायची: बेड एक, पेशंट ठीक. बेड दोन, पेशंट ठीक. आमच्या मेट्रनबाईंनी तिसऱ्या दिवशी सगळ्या ‘ठीक’वर लाल रेघ मारली आणि सगळ्यांसमोर विचारलं, “ठीक म्हणजे काय? रात्री झोपला का? किती वाजता उठला? पेज किती प्याला, पाव वाटी की अर्धी? लघवी झाली का? तू पाहिलंस का, की नुसतं नाव वाचलंस?” मी गप्प. कारण खरंच, मी नुसतं नाव वाचलं होतं. त्यानंतर रात्री खाटेजवळ थांबायची सवय लागली. थांबलं की दिसतं. आणि ताई, ज्याची अर्धी वाटी पेज तुम्ही मोजलेली असते त्या पेशंटबद्दल सकाळी वेगळंच वाटतं. आधी बघायचं, वाटणं त्याच्या मागून येतं. तुम्ही वाटण्याची वाट बघत बसलात.

‘नवऱ्याबद्दल धन्यवाद, मुलांबद्दल धन्यवाद’ हे सगळं ‘पेशंट ठीक’ आहे.

शास्त्रातही असंच दिसतं. बायबलातल्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आपण नेहमी भराभर वाचून टाकतो, नुसती नावंच नावं म्हणून. एकदा हळू वाचा. पत्र लिहिणारा पौल बहुतेक नावांपुढे काहीतरी लिहितो. फिबी पुष्कळांना साहाय्य करणारी. प्रिस्का आणि अक्विला यांनी त्याच्या जिवासाठी स्वतःच्या माना पुढे केल्या. मरियेनं पुष्कळ श्रम केले. रूफाच्या आईबद्दल तर तो म्हणतो की ती माझीही आई. त्या बाईनं पौलासाठी काय केलं असेल ते शास्त्रात नाही. मी आपली समजते की भाकर वाढली असेल आणि फाटलेला अंगरखा शिवला असेल. पण ‘माझीही आई’ हे शब्द त्याच्या लेखणीतून उगीच आले नसणार.

तेच तेच लिहायला लाज वाटते, असंही तुम्ही म्हटलंय. वाटू देऊ नका. स्तोत्र १३६ मध्ये २६ ओव्या आहेत आणि सव्वीसही वेळा एकच ओळ येते, त्याची दया सनातन आहे. ती ओळ बदलत नाही. तिच्या आधीचं काम बदलतं: आकाश केलं, सूर्य केला, लाल समुद्र दुभागला, अमोऱ्यांच्या राजाला मारलं, आणि शेवटी सगळ्या प्राण्यांना अन्न देतो. तुमचंही तसंच चालेल. नवऱ्याचं नाव रोज येऊ द्या, पुढचं काम तेवढं आजचं हवं.

आता माझ्याच घरचं एक सांगते, कारण सासूबाईंचा विषय तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलाय आणि मला वाटतं खरी गाठ तिथंच आहे.

माझ्या सासूला मी आत्याबाई म्हणायची. त्या अलायन्स मिशनच्या मंडळीत वाढलेल्या, मी सी.एन.आय.मधली, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. नागपुरात १९७० साली सहा मंडळ्या एक होऊन सी.एन.आय. झाली, पण आमच्या दोघींच्या चुलीपाशी ते ऐक्य काही पोचलं नव्हतं. मी प्रार्थनापुस्तकातली प्रार्थना वाचली की त्या म्हणत, “देवाले काय कागद वाचून दाखवतं वं?” आणि त्या डोळे मिटून पाऊण तास मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या की मी मनात घड्याळ बघायची. ते जाऊ द्या. एका जानेवारीत मी पगारातले पैसे माहेरी टिनाच्या छपरासाठी दिले, घरात न विचारता. त्यावरून झालं. त्या एक बोलल्या, मी दोन. मग तीन दिवस अबोला.

तिसऱ्या सकाळी नाइट करून एस.टी.नं उतरले, साडेसात वाजलेले, थंडीनं बोटं वळत नव्हती. अंगणातल्या चुलीवर पाण्याचा गंज ठेवलेला. वर झाकण, झाकणावर दगड. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या जळून गेलेल्या आणि निखारे गंजाखाली ओढून ठेवलेले, म्हणजे पाणी निवू नये. मी बघत उभी राहिले. आत्याबाई गोठ्याशी बकरीला पाला टाकत होत्या. माझ्याकडे न बघता त्या बकरीला म्हणाल्या, “पानी थंडं होऊन राह्यलं म्हना.”

आंघोळ केली, झोपले. संध्याकाळी वही उघडली तेव्हा लिहायला काही नव्हतं, राग होता. मेट्रनबाई आठवल्या. मग लिहिलं, ‘आत्याबाईंनी पाणी तापवून ठेवलं. मला सांगितलं नाही, बकरीला सांगितलं.’ लिहिताना हसू आलं आणि मागोमाग दुसरीच गोष्ट ध्यानात आली. हे पाणी आजचं नव्हतं. माझी नाइट असेल त्या प्रत्येक सकाळी ते तिथं असायचं, अकरा वर्षं. मी एकदाही लिहिलं नव्हतं, कारण ते असायचंच. पहाटे उठून काड्या मोडायला कोणीतरी लागतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

अबोला त्या दिवशी सुटला नाही, हेही सांगते. दोन दिवस अजून चालला. पैशाचा मुद्दा त्यांचा थोडा बरोबर होता, थोडा नव्हता, तो नंतर वेगळा बोलून मिटवला. पण त्या दोन दिवसांत मी जे आणखी टोचून बोलणार होते ते बोलले नाही.

म्हणून तुमच्यासाठी पहिली गोष्ट ही. सासूबाईंचं नाव ‘प्रेमळ सासू’ म्हणून लिहू नका. सध्या तुम्हाला त्या तशा वाटत नाहीत, आणि देवासमोर खोटं लिहून काय मिळणार? त्यांनी केलेलं एक काम शोधा. सापडलं तर लिहा, नाही सापडलं तर ‘आज काही दिसलं नाही’ असं लिहा. पौलाचंच बघा. तो बहुतेक मंडळ्यांना पत्र लिहिताना सुरुवातीला उपकारस्तुती करतो, अगदी भांडखोर करिंथकरांबद्दलसुद्धा. गलतीकरांना लिहिताना मात्र ती करत नाही. सलाम करतो आणि सरळ मुद्द्यावर येतो की तुम्ही इतक्या लवकर फिरलात याचं मला आश्चर्य वाटतं. राग होता तर त्यानं खोट्या उपकारस्तुतीची साखर पेरली नाही. पण पत्र लिहिलं. संबंध तोडला नाही.

आणि फिलिप्पैकरांस पत्र, ज्यातलं ‘सर्वदा आनंद करा’ आपण कॅलेंडरवर छापतो, त्यातच दोन ओळी आधी युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांचं पटत नव्हतं ते लिहिलंय. नावं घेऊन. तो दोघींना वेगवेगळी विनंती करतो, एक मनाच्या व्हा म्हणून, आणि लगेच सांगतो की या दोघींनी सुवार्तेत माझ्याबरोबर श्रम केले. भांडण आहे हेही खरं, श्रम केले हेही खरं. दोन्ही एकाच वहीत बसतं.

रूथ आणि नामीचं उदाहरण मी देणार नव्हते, सासू-सुनेचं नाव काढलं की सगळे तेच ऐकवतात आणि सगळं ओझं सुनेवर टाकतात. पण एक बारीक गोष्ट बघा. नामी बेथलेहेमात परत येते तेव्हा गावच्या बायकांना म्हणते, मला ‘मारा’ म्हणा, म्हणजे कडू. मी भरलेली गेले होते आणि परमेश्वरानं मला रिकामी परत आणलं. हे बोलताना रूथ तिच्या शेजारी उभी आहे. मवाब देशापासून सोबत चालत आलेली पोरगी बाजूला, आणि ही म्हणते रिकामी. नामीला दुःखात ती दिसली नाही, आणि त्याबद्दल शास्त्रात कोणी तिला रागावत नाही. मग रूथ सरवा वेचायला जाते, दिवसभर वेचून झोडून एफाभर (एफा हे धान्याचं माप) जव घरी आणते, दुपारच्या जेवणातलं उरलेलं सासूसाठी पदरात बांधून आणते. आपल्याकडे तुरीचा सरवा वेचलेल्या बाईला विचारा, तेवढ्यासाठी कंबर किती मोडते. शेवटच्या अध्यायात ‘ही सून तुला सात मुलांपेक्षा अधिक आहे’ असं कोण म्हणतं? नामी नाही. शेजारणी म्हणतात. कधीकधी आपल्या घरातलं प्रेम आपल्याला बाहेरच्यानं दाखवावं लागतं. बुधवारच्या सभेत मी म्हणूनच बायकांना स्वतःच्या घराबद्दल कमी आणि एकमेकींच्या घराबद्दल जास्त बोलायला लावते. “तुमचे बाबूराव सायकलवर गहू दळून आनतात, आमचे नाही आनत” असं कोणी म्हटलं की ती बाबूरावांची बायको घरी जाऊन त्या पिठाच्या डब्याकडे वेगळ्या नजरेनं बघते. (बाबूराव हे नाव आपलं असंच घेतलं.)

उपकार माणसाला सांगायचे का, हे तुम्ही विचारलं नाही, पण पुढच्या आठवड्यात विचाराल म्हणून आत्ताच लिहिते. सांगायचे. पण आपल्या खेड्यात घरच्या माणसाला ‘धन्यवाद’ म्हटलं की पंचाईत. मी एकदा आत्याबाईंना म्हटलं तर त्या म्हणाल्या, “काहून वं, म्या पाहुनी हाय काय?” त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडे धन्यवाद परक्याला म्हणतात. घरात ते दुसऱ्या तऱ्हेनं पोचवावं लागतं. मी दोन तऱ्हा वापरते. एक, त्या माणसाला ऐकू जाईल असं तिसऱ्याला सांगायचं. शेजारीण पाणी भरायला आली की मी मोठ्यानं म्हणायची, “माया आत्याबाई पानी तापवून ठेवते, गाडीतून उतरल्याबरोबर आंघोय भेटते मले.” आत्याबाई आत सूप पाखडत असायच्या, पाखडण्याचा आवाज थांबायचा. नीतिसूत्रांच्या ३१व्या अध्यायात सद्गुणी स्त्रीची शेवटची ओळ वेशीतल्या प्रशंसेची आहे, ती मी अशी वाचते. दुसरी तऱ्हा हातानं. त्यांचे गुडघे दुखायचे, रात्री तेल लावून द्यायची. तेल लावताना काही बोलायची गरज नसते.

आता भाऊ. इथं तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्यात असं वाटतं. भावानं शिकवलं, लग्नात राबला, त्याचे उपकार आहेत. म्हणून सही न करणं म्हणजे कृतघ्नपणा, असा तुमचा जीव टांगलाय. उपकार मानणं वेगळं आणि सही वेगळी. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना वारसाहक्कासाठी भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागतो. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर आईचा हिस्सा काढून उरलेल्यात मुलगा आणि मुलगी यांना सारखाच वाटा आहे. तुम्ही वाटा सोडला तर तो तुमचा निर्णय, प्रेमानं दिलेली भेट. नाही सोडला तरी तुम्ही पापी ठरत नाही. वडिलांचं मृत्युपत्र आहे का ते बघा, सातबारा काढा, वकिलाला दाखवा, घाई करू नका. आणि त्याच रात्री वहीत लिहा की भावानं बारावीच्या परीक्षेला सायकलवर डबल सीट तुम्हाला सेंटरवर पोचवलं होतं. तुमच्याच प्रश्नात ते एका ओळीत आलंय. वही आणि स्टँप पेपर एकमेकांत मिसळू देऊ नका, एवढंच.

काही गोष्टी मात्र घरोघरच्या परिस्थितीवर आहेत आणि तुमच्या घरात काय चाललंय ते मला एवढ्या दुरून दिसत नाही. तुमच्या लिहिण्यात तसं काही नाही, तरी वाचणाऱ्या दुसऱ्या बायकांसाठी लिहिते: घरात मारहाण होत असेल तर ही वही त्यावरचं औषध नाही. ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ हे वचन मार खाणाऱ्या बाईला ऐकवणारे मी पाहिलेत आणि मला त्याचा राग येतो. इफिसकरांस पत्रात सर्व गोष्टींबद्दल उपकार माना असंही आहे, हे मला माहीत आहे. पण त्याच पत्रात पुढं नवऱ्यांनी बायकोवर स्वतःच्या शरीरासारखी प्रीती करावी असंही आहे, ते कोणी वाचून दाखवत नाही. महिलांसाठी १८१ हा हेल्पलाइन नंबर आहे. तो लावणं अविश्वास नाही.

दुसरं, तुम्हाला कशाबद्दलच काही वाटत नसेल, नुसतं घरच्यांबद्दल नाही, तर जेवण, झोप, मुलांचं हसणं, सगळंच बेचव झालं असेल आणि दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं असेल, तर हे नर्स म्हणून सांगते, डॉक्टरला दाखवा. यवतमाळला सरकारी दवाखान्यात दाखवता येईल, नाहीतर टेलिमानसचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. थायरॉइड आणि रक्तही तपासून घ्या. हिमोग्लोबिन सात असलेल्या बाईला मी विश्वास वाढवायला सांगणार नाही, आधी गोळ्या देईन.

हे दोन्ही नसेल, तर करायचं ते थोडकंच आहे. पाच नावं सोडा, एक घ्या. झोपताना नको, तेव्हा तुम्ही थकलेल्या असता आणि हात आपोआप हजेरी मांडतो. दिवेलागणीला, भाकरी टाकायच्या आधी दोन मिनिटं. एक माणूस, आज त्यानं हातानं केलेलं एक काम, एका ओळीत. मग ती ओळ देवाला मोठ्यानं वाचून दाखवा, कागद वाचून दाखवला तरी तो रागवत नाही. ज्या दिवशी काही दिसत नाही त्या दिवशी एखादं रडतं स्तोत्र वाचा. ८८वं तर अंधारातच संपतं, तरी ते स्तोत्रसंहितेत ठेवलंय. सोंगणीच्या, वेचणीच्या दिवसांत चार-चार दिवस वही राहील. राहू द्या, मागचं भरून काढू नका. आम्ही रजिस्टर नंतर भरायचो तेव्हा सगळं खोटं भरलं जायचं.

राहिला नवरा. ‘ते बोलतच नाहीत, काय लिहू,’ असं तुम्ही म्हणता. माझाही तसाच होता, पऱ्हाटीशी जास्त बोलायचा. ते रात्री ओलिताला जातात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे रात्रीच्या लाईनचा, म्हणजे विजेचा, आठवडा असला की बारा-एकला उठत असतील. त्या वेळी तुम्ही झोपेत असता. एक रात्र जाग्या राहा आणि डोळे मिटून पडा. टॉर्च ते कुठे लावतात, तुमच्या तोंडावर की खाली जमिनीवर? चप्पल घरात घालतात की हातात घेऊन अंगणात? दाराची कडी आपटते का, की दोन बोटांनी धरून सोडतात? पोरांचं पांघरूण बघतात का? जे ऐकाल ते सकाळी लिहा, जास्तीचं एक अक्षर नको. आणि मला कळवा, मी बुधवारी सभेत नाव न घेता सांगेन.